बुधवारचा रुमाल

पंधरा फेब्रुवारी २०२३, बुधवार. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी अंधेरी पूर्वेच्या एका कस्टम्स दलालाच्या ऑफिसातून तेजल खंडारेने हाँगकाँगच्या विमानासाठी निर्यातीचं एक बिल, म्हणजे माल बाहेर पाठवायचा सरकारी कागद, संगणकावर टाकलं. माल, सुके बोत, बाराशे किलो. निर्यातदार, चंद्रप्रकाश केळुसकर, मुलुंड पश्चिम.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीत केळुसकरच्या गाळ्यासमोर कस्टम्स खात्याच्या दोन गाड्या थांबल्या. टेम्पो भरून उभा होता. मागचं दार बंद, इंजिन थंड. ड्रायव्हर अजून आलेला नव्हता आणि किल्ली केळुसकरच्या खिशात होती. खोकी उघडली तेव्हा वर बोत निघाले आणि त्यांच्याखाली सहाशे चाळीस किलो मुशीचे, म्हणजे शार्कचे, सुके पर.

बोत म्हणजे घोळ माशाच्या पोटातली हवेची पिशवी. ती वाळवून परदेशी पाठवायला कुणाची ना नाही. मुशीच्या परांचं तसं नाही. ज्या मुशी धरायला बंदी नाही त्यांचे पर गाळ्यात ठेवले, वाळवले, एकाने दुसऱ्याला विकले, तर कायदा तिकडे बघत नाही. देशाबाहेर पाठवले की गुन्हा. त्यामुळे त्या सकाळी केळुसकरने गुन्ह्याचा प्रयत्न केला होता की नुसती तयारी, हा सगळ्या खटल्याचा प्रश्न झाला. तयारीलाही एक कलम आहे, पण तीन वर्षांचं, आणि त्यात 'अडवलं नसतं तर हा गेलाच असता' हे दाखवावं लागतं. प्रयत्नाला सात वर्षांपर्यंत. टेम्पो आणि विमानतळ यांच्यामध्ये अठरा किलोमीटर होते. टेम्पो त्यातलं एक मीटरही चाललेला नव्हता. विमानतळावर आधीच पोचलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे तेजलने टाकलेलं बिल.

आता ते बिल तिने का टाकलं, हे सांगायला हवं.

तेजलच्या ऑफिसात त्याला 'रुमाल टाकणं' म्हणत. गावी जाणाऱ्या एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरतात, माणूस मागाहून चढतो, तसं. नियमाप्रमाणे माल तयार व्हावा, निर्यातदाराचा मेल यावा आणि मग दलालाच्या ऑफिसने बिल टाकावं. पण सकाळी विमानतळाच्या माल टर्मिनलवर टेम्पोंची रांग लागते, आणि ज्याच्या हातात बिलाचा नंबर असतो तो आधी आत जातो. म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांची बिलं आदल्या दुपारीच, मागच्या खेपेच्या वजनावर, टाकून ठेवायची. माल आला तर वजन दुरुस्त करायचं. नाही आला तर बिल पडून राहतं आणि काही दिवसांनी आपोआप बाद होतं. ही पद्धत ऑफिसच्या मालकांची, भाऊंची. तीस वर्षं या धंद्यात काढलेले भाऊ दुपारच्या चहाला जागेवरूनच ओरडत, "तेजू, रुमाल टाकलेस का गं?"

केळुसकरचा माल बत्तीस महिने दर गुरुवारी जात होता. त्याचा रुमाल बुधवारी पडायचा. त्या बुधवारी त्याने तेजलला काहीही सांगितलं नव्हतं. मेल नव्हता, मेसेज नव्हता. चार वाजून पाच मिनिटांनी त्याचा फोन आला.

"बिल पडला?" तो म्हणाला.

"पडलं. मागच्याच वजनावर."

मागे कुठेतरी टेपचा रोल फाडल्याचा आवाज.

"बरा. ऱ्हवांदे," म्हणजे राहू दे, असं म्हणून त्याने फोन ठेवला. एक्केचाळीस सेकंदांचा कॉल.

खोक्यांत काय भरलं जात होतं ते तेजलला माहीत नव्हतं. दलालाच्या ऑफिसातली माणसं कागद बघतात, माल नाही. पण यावर पुढे कुणी विश्वास ठेवला नाही.

शुक्रवारी तिला जबाबाला बोलावलं. समोर तपास अधिकारी संघमित्रा तायडे. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, टेबलावर पाण्याची बाटलीसुद्धा रेघेत ठेवलेली. त्या स्वतःच टाइप करत होत्या.

"केळुसकरने सांगितलं म्हणून बिल टाकलंस?"

"त्यांचं बुधवारचं असतंच, मॅडम."

"असतंच म्हणजे? झाडाला लागतं का?"

"दर गुरुवारी माल जातो ना. मग आम्ही आदल्या दिवशी..."

"आम्ही नाही. तू. कार्ड कुणाचं आहे?"

कार्ड तेजलचं होतं. खात्याची परीक्षा देऊन मिळालेलं, फोटोचं, गळ्यात घालायचं. त्याच्याशिवाय निर्यातीच्या कागदावर सही करता येत नाही, टर्मिनलच्या गेटातून आत जाता येत नाही. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा मिळालेलं. ते मिळालं त्या महिन्यापासून ऑफिसात तिला 'ए पोरी' म्हणणं बंद झालं होतं.

छापून आलेल्या कागदावर वाक्य होतं, 'निर्यातदार केळुसकर यांच्या सूचनेवरून मी सदर बिल दाखल केले.' तेजलचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"मॅडम, मी असं नाही म्हणाले."

"फरक काय आहे? बत्तीस महिने तू त्याची बिलं टाकतेस ती काय त्याच्या विरोधात?"

"पण त्या दिवशी त्यांनी..."

"कुठली गं तू? खंडारे म्हणजे?"

"वडील मूळचे वाशिमचे. आम्ही जोगेश्वरीला राहतो."

"मी बुलढाण्याची." संघमित्राबाईंनी पहिल्यांदा कीबोर्डवरचे हात काढले. "तर ऐक. हे कार्ड तुला कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. मला माझी खुर्ची दिली नाही, तशीच तुलाही नाही. तो तुझं नाव पुढे करून सुटणार आणि तू आयुष्यभर घरी बसणार. साक्षीदार म्हणून उठायचंय का आरोपी म्हणून, ते तू ठरव. मला साडेतीनला दुसरा माणूस आहे."

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. तेजलने सही केली. चार वाजून पाचच्या फोनबद्दल तिला कुणी विचारलं नाही. सूचना आधीच मिळाली होती असं लिहून झाल्यावर नंतरच्या फोनशी कुणाला काय काम?

शनिवारी ती ऑफिसात पोचली तर प्रिंटरशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला. 'निर्यातदाराच्या लेखी सूचनेशिवाय कोणतेही बिल दाखल करू नये. आदेशावरून.' खाली तारीख, दोन जानेवारी.

"भाऊ, हे कधी लावलं?"

"तारीख वाच की."

"कालपर्यंत इथे कॅलेंडर होतं."

भाऊंनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "तेजू, तुझ्याकडे कार्ड आहे, माझ्याकडे लायसन आहे. नऊ माणसांची घरं आहेत त्याच्यावर. काल कॅलेंडर होतं, आज नोटीस आहे. डोळे दाखवू नकोस मला. काम कर."

ती कामाला बसली. रुमाल हा शब्द त्या दिवसापासून ऑफिसात कुणी उच्चारला नाही. बिलं मात्र दुपारी साडेतीनला पडतच राहिली. फरक एवढाच की आता भाऊ गिऱ्हाइकांकडून महिन्याभराचे मेल आधीच मागवून ठेवत.

केळुसकर एकोणीस दिवस आत होता, मग जामिनावर सुटला. खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. तेजलच्या हातात समन्स पडलं ते जून २०२५मध्ये. साक्ष आठ जुलैला.

त्याआधीच्या आठवड्यात ती ऑफिसखालच्या टपरीवर चहा घेत होती. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. सुक्या मासळीचा वास तिने आधी ओळखला, मग माणूस. केळुसकर बारीक झाला होता. बाप गिरणीत, मुलगा सुक्या मासळीत, दोन्ही पिढ्यांत मालवणी सुटली नाही असा हा माणूस. गिऱ्हाईक म्हणून ऑफिसात यायचा तेव्हा खुर्ची ओढून घेऊन पाय पसरून बसायचा.

"काय गो, वळखलंस?"

"साक्षीदाराशी बोलायचं नाही, असं तुमच्या जामिनात लिहिलंय."

"चाय पितंय मी. चायवर बंदी आसा काय?" त्याने बोटाने एक कटिंग सांगितली. "माझ्या सांगण्यावरून बिल टाकलंस असा कागद आसा म्हणे. मी तुका सांगितलंय? कधी?"

तेजलने ग्लास दुसऱ्या हातात घेतला.

"खरा बोल."

"नाही सांगितलं."

"मग ताच कोर्टात सांग. माका दुसरा काय्येक नको. खरा तेवढा सांग."

"सगळं खरं?"

त्याने ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. "चारच्या फोनचो विषय काढू नको. तो कोण इचारूचो नाय."

"म्हणजे अर्धं खरं."

केळुसकरची मालवणी तिथे संपली. ऑफिसात भाव ठरवताना संपायची तशीच. "हे बघ, तेजल. तुझ्यासारख्या पोरी अंधेरीत गल्लोगल्ली बिलं टाकतात. मला शिक्षा झाली तर मी आत वर्षं काढीन, बाहेर येईन, पुन्हा मासळी विकीन. माझ्या मासळीला कार्ड लागत नाही. तुझं गेलं तर तू काय विकणार?"

"तुम्ही माझ्या बिलाखाली पर घातलेत."

"तू माझ्या मालावर बिल घातलंस. मी सांगितलं होतं?" तो हसला. "बघ. परत तिथेच आलो आपण."

त्याने दोन्ही चहाचे पैसे दिले. तिने तिच्या चहाचे पुन्हा दिले. टपरीवाल्याने दोघांचेही घेतले.

घरी वडिलांना, नानांना, तिने जबाबाची प्रत दाखवली. नाना बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, कुठलाही कागद हातात आला की आधी उलटून मागची बाजू बघणारे. त्यांनी प्रत दोनदा वाचली.

"वाचून सही केलीस की न वाचता?"

"वाचून."

"मग तर धन्यच. शिकलेली लेक." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "आणि त्याने सांगितलंच नव्हतं?"

"नाना, समजा पॅसेंजर अजून स्टॉपवर आहे. रोजचा आहे, चकाल्याला उतरतो, तुम्हाला माहितीय. तुम्ही त्याने न मागता तिकीट फाडलंत. तो चढला?"

"नाही चढला. माझी चूक."

"मग तो लांबूनच म्हणाला, राहू दे. आता तिकीट कुणाचं?"

नानांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. पंख्याचं एक पातं दुसऱ्यापेक्षा सावकाश फिरतंय की काय, असं बघावं तसं. "तिकीट त्याचं," ते शेवटी म्हणाले. "पण तपासनीस चढला तर मेमो मला."

"हेच विचारत होते मी."

"विचारत कसली होतीस? सांगत होतीस." मग आवाज चढवून म्हणाले, "तेव्हा का नाही म्हणालीस तिला, बाई, हे वाक्य खोड म्हणून? दोन वर्षं घरात काही न सांगता बसलीस. मला काही कळत नाही असं वाटलं का? एका माणसाने मला पंचवीस वर्षांपूर्वी खोट्या मेमोवर सही करायला लावली होती, अजून त्याचं नाव..." ते थांबले. नाव सांगितलं नाही. कागद तिच्या हातात न देता जमिनीवर ठेवून उठले.

आठ जुलैला कोर्टाच्या पॅसेजमध्ये संघमित्राबाई तिची वाट बघत उभ्या होत्या. दोन वर्षांत कानाजवळ पांढरं आलं होतं, केस तसेच घट्ट.

"चौदा तारखेला, मंगळवारी, केळुसकर ऑफिसात आला होता ना?"

"नाही, मॅडम."

"नीट आठव. त्यांच्या वकिलीणबाईंकडे फोनच्या नोंदी आहेत. बिलाच्या आधी दोन दिवसांत त्याचा एकही कॉल नाही तुला. म्हणजे तोंडी सांगितलं असणार. मंगळवारी."

"आले नव्हते."

"तेजल, ते बिल त्याचं ठरलं नाही तर माझा टेम्पो मुलुंडलाच उभा राहतो. कळतंय का?"

"मग टेम्पो गेटपर्यंत जाऊ द्यायचा होता. तिथे पकडला असता तर माझं बिल कुणाला लागलं असतं?"

संघमित्राबाईंचा चेहरा आवळला. "अक्कल शिकवतेस? दोन हजार एकवीसला मी असाच एक टेम्पो जाऊ दिला होता. गेटपर्यंत. मागे आमची गाडी होती. घाटकोपरला सिग्नल पडला, तो आत वळला, आणि दुसऱ्या दिवशी मिळाला तेव्हा आत नुसती झाडून काढलेली फळी होती. तीन वेळा खुलासा लिहिलाय मी त्याचा. एका खुलाशावर साहेबांनी लाल पेनने लिहिलंय, 'बाईमाणसाला झेपलं नाही.' आता पुन्हा वाट बघायची होती मी? कुणासाठी? तुझ्यासाठी?"

पट्टेवाल्याने नाव पुकारलं. संघमित्राबाई तिच्या मागोमाग दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "खोटा जबाब दिलास असं ठरलं, तर तो मलाच दिलेला असेल. लक्षात ठेव."

सरकारी वकिलांनी जबाब वाचून दाखवला. सही तुमची? माझी. दबाव होता? तेजल म्हणाली, "सही वाचून केली आहे." वकिलांना तेवढं पुरलं. ते बसले.

केळुसकरच्या वकील माधुरी नेरूरकर उठल्या. साठीच्या बाई, कोर्टात चष्मा नाकाच्या टोकावर आणि बोलणं नातीला शिकवावं तसं.

"बाळ, पंधरा फेब्रुवारीला तीन चाळीसच्या आधी माझ्या अशिलांनी तुम्हाला हे बिल टाका असं सांगितलं होतं?"

पहिल्या बाकावर संघमित्राबाई. पिंजऱ्यात केळुसकर, हात समोर बांधून, साईबाबांच्या फोटोसमोर उभा राहावा तसा.

"नाही," तेजल म्हणाली.

"फोन नाही, मेल नाही, मेसेज नाही?"

"नाही."

"मंगळवारी प्रत्यक्ष भेटून?"

"नाही."

"म्हणजे जबाबातलं वाक्य खोटं आहे."

"ते वाक्य बरोबर नाही."

सरकारी वकील ताडकन उभे राहिले. साक्षीदार फितूर झाली आहे, उलटतपासणीची परवानगी द्यावी. न्यायाधीशांनी हाताने त्यांना थांबायला सांगितलं. नेरूरकरबाईंचं अजून झालं नव्हतं, आणि खरं तर तिथेच त्यांनी बसायला हवं होतं. हवं ते सगळं मिळालं होतं. पण समोरच्या बाकावर चार-पाच ज्युनिअर वकील ऐकत होते, आणि चाळीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसालाही कधीकधी ऐकणाऱ्यांचा मोह आवरत नाही.

"म्हणजे बाळ, तुम्ही गिऱ्हाइकाला न विचारता, माल न बघता, स्वतःच्या मनाने सरकारला कागद देता?" त्यांनी चष्म्यावरून ज्युनिअरांकडे पाहिलं. "झकास. मग तर हा सगळा गुन्हा तुमच्या एकटीच्याच डोक्यात झाला म्हणायचा."

कुणीतरी फिसकन हसलं. पिंजऱ्यातला केळुसकरही किंचित हसला. त्या हसण्याला ऑफिसातल्या खुर्चीत पसरलेले पाय होते.

तेजल बोलली ती सावकाश, लिहून घेणाऱ्याला जमेल अशी.

"हो. बत्तीस महिने, दर बुधवारी, मालाच्या आधी बिल मी टाकत आले. ऑफिसात सगळे टाकतात. आम्ही त्याला रुमाल म्हणतो. त्या दिवशी पण मीच टाकला. आणि चार वाजून पाच मिनिटांनी केळुसकरांचा फोन आला. बिल पडलं का, असं त्यांनी विचारलं. पडलं, मागच्याच वजनावर, मी म्हणाले. ते म्हणाले, बरं, राहू दे."

"मी हा प्रश्न विचारलेला नाही," नेरूरकरबाई म्हणाल्या. आता आवाजात नात नव्हती.

"गुन्हा कुणाच्या डोक्यात झाला, असं विचारलंत ना? त्याचंच उत्तर देतेय."

"साहेब, साक्षीदार प्रश्नाबाहेर..."

"लिहून घ्या," न्यायाधीश टंकलेखकाला म्हणाले. "चार वाजून पाच. त्यांचेच शब्द लिहा. मालवणीत बोलले का मराठीत?"

"मालवणीत. 'बरा. ऱ्हवांदे.'"

"तसंच लिहा."

साक्षीदार फितूर झाली म्हणून उभे असलेले सरकारी वकील हळूच खाली बसले. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते पुन्हा उभे राहिले. फितुरीचा अर्ज ते तूर्त रेटत नव्हते.

फोनच्या नोंदीत तो कॉल होता. एक्केचाळीस सेकंद. नोंदी नेरूरकरबाईंनीच दाखल केल्या होत्या, बिलाच्या आधी कॉल नाही हे सिद्ध करायला.

जेवणाच्या सुट्टीनंतर न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना एकच प्रश्न घातला. दुसऱ्याने स्वतःच्या मनाने टाकलेलं बिल आरोपीला कळलं, ते रद्द करायची मुभा होती आणि त्याने ते राहू दिलं. हे राहू देणं म्हणजे कायद्याच्या भाषेत काही करणं आहे का?

नाही, असं नेरूरकरबाईंनी लेखी म्हणणं दिलं. माणूस काही न करण्याने प्रयत्न करत नाही. टेम्पो थंड होता, किल्ली खिशात होती, ड्रायव्हर घरी होता. सकाळी उठून माझ्या अशिलांचं मन बदललं असतं तर खोकी उतरवायला दहा मिनिटं लागली असती. ज्याला परत फिरायला वाट मोकळी आहे तो अजून निघालेला नाही. आणि बिल? ते एका कर्मचारी बाईंची सवय आहे. सवयीला हेतू नसतो.

सरकारी वकिलांनी लिहिलं की चार वाजून पाचपासून सकाळी सात वाजून दहापर्यंत पंधरा तास पाच मिनिटं होती. एक फोन केला असता तर बिल रद्द झालं असतं. आरोपीने ते तसंच ठेवून त्याच्याखाली पर भरले. खोक्यांवर त्याच बिलाचा नंबर मार्करने लिहिलेला होता, पंचनाम्याचं पान चार. टेम्पो हलला नसेल, पण माल कागदावर विमानतळात शिरला होता आणि आरोपीने तो तिथे शिरू दिला.

बिलाचा नंबर संध्याकाळी निर्यातदाराला आपोआप जायचा, पण तो खोक्यांवर होता हे तेजलला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अक्षर कुणाचं याची तपासणी दोन वर्षांत कुणी केली नव्हती. नेरूरकरबाईंनी ते लगेच लिहून दिलं. गाळ्यात सहा माणसं काम करतात, मार्कर एकच आहे.

बाहेर पडताना संघमित्राबाई जिन्यात भेटल्या. तेजलला वाटलं त्या काही बोलणार नाहीत.

"हा फोन त्या दिवशी का नाही सांगितलास?"

"तुम्ही विचारलं नाही."

"मी न विचारलेल्या शंभर गोष्टी असतात. पोटात ठेवून काय केलंस? माझी केस दोन वर्षं लंगडी चालवलीस." त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या आणि वळल्या. "आता तुझ्याविरुद्ध कागद जाणार. मी नाही पाठवला तर मला विचारतील, का नाही पाठवला."

"पाठवा."

"पाठवणारच आहे. परवानगी मागत नव्हते."

कागद गेला. तीस जुलैला तेजलला नोटीस मिळाली. निर्यातदाराच्या सूचनेशिवाय बिल दाखल करणे आणि तपास अधिकाऱ्यासमोर चुकीचे विधान करणे, या दोन कारणांसाठी आपले कार्ड रद्द का करू नये. उत्तराला तीस दिवस. उत्तरासोबत तिने ऑफिसातल्या बिलांची यादी जोडली. कुठल्या बिलाला मेल आधी आला आणि कुठल्याला नंतर, तारीख आणि वेळेसकट, चौदा पानं. भाऊंनी स्वतंत्र पत्र दिलं. अशी कोणतीही पद्धत आमच्या कार्यालयात अस्तित्वात नव्हती, सोबत दोन जानेवारीच्या सूचनेचा फोटो. पत्र देऊन आले त्या दुपारी त्यांनी तेजलचं टेबल प्रिंटरजवळून हलवून जिन्याच्या बाजूला लावलं.

"इथे हवा येते," ते म्हणाले.

"येते," तेजल म्हणाली आणि बसली.

सरकारी वकिलांनी ऑगस्टमध्ये तिला सहआरोपी करण्याचा अर्ज दिला. केळुसकरच्या बाजूने त्याला हरकत नव्हती. इतक्या दिवसांत दोन्ही बाजूंचं एका मुद्द्यावर पहिल्यांदाच एकमत झालं. न्यायाधीशांनी अर्ज आणि मुख्य प्रश्न दोन्ही एकत्र निकालासाठी ठेवले, चोवीस सप्टेंबरला. सतरा सप्टेंबरला त्यांची बदली झाली. नव्या न्यायाधीशांनी पहिल्या तारखेला फाइल चाळली, 'ऱ्हवांदे' या शब्दावर बोट ठेवून त्याचा अर्थ विचारला, आणि युक्तिवाद पुन्हा पहिल्यापासून ऐकायचे ठरवले. पुढची तारीख पडली नाही.

जप्त केलेले पर खात्याच्या गोदामात आहेत. केळुसकरने ते परत मागितले आहेत. देशात विकीन, असं त्याने प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं आहे. त्याचा बोताचा धंदा चालू आहे. माल आता दुसऱ्या दलालाकडून जातो, बिल बुधवारीच पडतं.

कार्डाबाबत तेजलची सुनावणी एकतीस ऑक्टोबरला झाली. अधिकाऱ्यांनी चौदा पानांपैकी पहिलं पान पाहिलं आणि विचारलं, हे बाकीचेही करतात का? तेजल म्हणाली, बाकीच्यांचं बाकीच्यांना विचारा. आदेश नंतर कळवू, असं सांगून तिला पाठवलं.

शुक्रवारी, सात नोव्हेंबरला, सकाळी सव्वाअकरा वाजता तिने टर्मिनलच्या गेटवर कार्ड लावलं तेव्हा ते चाललं. आदेश तोपर्यंत निघालेला नव्हता.